दहादा मोजून चूक जात नाही

कामावर रुजू होण्याआधी, बाय, एवढं कानात घालून ठेव. रक्तदाबाच्या पाहणीत तुला घेतलंय आणि घोडपदेव, फेरबंदर, कॉटन ग्रीन हा पट्टा तुझ्या वाट्याला आलाय, असं तुझा बाबा सांगत होता. वर हेही म्हणाला, की अप्पांना डॉक्टरकीतलं काय कळतं! खरं आहे. मी नोकरीभर बंदराच्या सर्व्हे लाँचवर पाण्याची खोली मोजली. पण तुझी आजी परळच्या हॉस्पिटलात सिस्टर होती. संध्याकाळी दोघं घरी आलो की दोघांची कुरकुर एकच असायची: आकडा तर आला, पण तो खरा कशावरून? ती कानात स्टेथोस्कोप घालून नाडीचा आवाज ऐकायची, मी इको साउंडरच्या कागदावर तळाचा प्रतिध्वनी बघायचो. म्हणजे दोघांची भाकरी आवाजावरच. तेव्हा आता जे सांगतो त्यातलं निम्मं तिचं आहे, आणि उरलेलं आमच्या लाँचच्या म्हाताऱ्या सारंगाचं. माझं स्वतःचं त्यात थोडंच.

सगळ्यात आधी शून्य बघ. रोज, पहिल्या घराची कडी वाजवण्याआधी. पाऱ्याचं यंत्र असेल तर पट्टा सोडलेला असताना पारा बरोबर शून्यावर टेकलाय का, नळी उभी सरळ आहे का, ते बघ. घड्याळाच्या तबकडीसारखं, काट्याचं यंत्र हातात आलं तर जास्त सांभाळ. त्यातल्या काहींत काट्याला टेकायला शून्यापाशी बारीक खिळा असतो. आतली स्प्रिंग सैल पडून काटा खरं तर शून्याच्याही खाली जायला निघालेला असतो, पण खिळा त्याला अडवतो आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. आजी असलं यंत्र हातात घ्यायचीच नाही.

आमच्याकडे यंत्र यायच्या आधीच्या काळात शिसं आणि दोरी होती. दोरीवर वावावावाच्या खुणा असत: २ वावांना चामड्याच्या दोन पट्ट्या, ३ ला तीन, ५ ला पांढरं सुती कापड, ७ ला तांबडं बंटिंग, १० ला भोक पाडलेलं चामडं, १३ ला निळं सर्ज. कापडं निरनिराळी घेतलेली असत, म्हणजे काळोखात नुसत्या हाताला, नाहीतर ओठांना लावून खूण कळावी. शिशाच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरायची. वर येताना तळाची वाळू नाहीतर चिखल चिकटून येई. माझ्या वेळेपर्यंत हे सगळं मागे पडलं होतं, तरी सारंगाने मला ती दोरी आधी धरायला शिकवलं. दोरी कोरडी मोजायची नाही. भिजवायची, ताणायची, मग टेपला लावून खुणा तपासायच्या. कामावरून परत आल्यावर पुन्हा तपासायच्या. तो म्हणायचा, ‘शिसा खोटा बोलत नाय, दोरी बोलता.’

आता मुख्य गोष्ट. तुला प्रशिक्षणात सांगतील, तीनदा मोज आणि सरासरी काढ. काढ. पण सरासरीने कुठली चूक जाते आणि कुठली जात नाही, हे समजून घे. चुका दोन जातींच्या असतात. एक इकडेतिकडे उडणारी: लाट आली, लाँच वर गेली, खाली आली, माणूस खोकला, दाब वर गेला. ही चूक कधी जास्तीची, कधी कमीची, त्यामुळे पुन्हापुन्हा मोजलं की एकमेकांत जिरते. दुसरी एकाच बाजूला झुकलेली. शिंप्याच्या टेपचा पहिला इंच फाटून गेलेला असला, तर त्याने शंभर सदरे मापले तरी शंभरही तोकडेच होणार, आणि सगळ्यांची मापं एकमेकांशी जुळतात म्हणून तो खूश. ही दुसरी चूक दहादा मोजून जात नाही, उलट पक्की होते. तिला पकडायला, ज्याचं माप आपल्याला आधीपासून माहीत आहे अशी वस्तू लागते.

आमच्याकडे त्याला बार चेक म्हणतात. खुणा केलेल्या साखळ्यांवर लोखंडी बार बांधायचा, ट्रान्सड्युसरच्या बरोबर खाली २ मीटर, ४ मीटर, ६ मीटर असा सोडत जायचा, आणि यंत्र तेच दाखवतंय का बघायचं. सकाळी काम सुरू करताना एकदा, संध्याकाळी थांबवताना एकदा. कारण यंत्र खोली मोजतच नाही, ते वेळ मोजतं. आवाज खाली जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्याच्या निम्म्याला पाण्यातल्या आवाजाच्या वेगाने गुणतं, झालं. १० मीटर पाण्यात जाऊन-येऊन सेकंदाचा साधारण पंचाहत्तरावा भाग. वेग कुठला धरायचा, ते मात्र माणसाने सांगायचं. १८२६ साली कोलाडों आणि स्टुर्म यांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून तो सेकंदाला १४३५ मीटर काढला. गोडं, थंड पाणी ते. समुद्राला ढोबळमानाने १५०० धरतात. पण आपल्या बंदरात मे महिन्यात खारट पाणी ३० अंशांवर तापलं की वेग १५४५ च्या घरात जातो. यंत्राला १५०० सांगून ठेवलं, तर १० मीटरचं पाणी ते ९.७ दाखवणार. हजारदा मोज, ९.७ च. मग पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी बंदरात उतरतं आणि तो वेग पुन्हा खाली घसरतो. म्हणून बार.

रक्तदाबातही हेच घडलेलं आहे, आणि चांगल्या मोठ्या माणसाच्या हातून. इटलीत रिव्हा-रोची या डॉक्टरांनी १८९६ साली दंडाला गुंडाळायचा फुगणारा पट्टा काढला. आज तू वापरशील तो त्याचाच वंशज. पण त्यांचा पट्टा जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्ट्याने धमनी दाबायला जास्त जोर लागतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा वर येतो. १९०१ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी दुपटीहून रुंद पट्टा करून ते दाखवून दिलं. मधल्या पाच वर्षांत ज्यांनी ज्यांनी काळजीपूर्वक, पुन्हापुन्हा मोजलं, त्यांनी काळजीपूर्वक आणि पुन्हापुन्हा जास्तच मोजलं.

तेव्हा पट्ट्यांचं सांभाळ. एकच पट्टा घेऊन घोडपदेव फिरता येत नाही. खांदा ते कोपर यांच्या मध्यावर टेप लाव आणि दंडाचा घेर मोज. आतला फुगा त्या घेराच्या ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवा. दारूखान्यात लोखंड उचललेल्या माथाडीचा दंड आणि तिसऱ्या माळ्यावरच्या एकट्या आजीचा दंड यांना एकच पट्टा लावलास, तर माथाडी विनाकारण आजारी ठरेल आणि आजीचा वाढलेला दाब लपून जाईल. आणि बायकांच्या ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून मोजू नको. तीच दंडाला आवळून बसते. सैल गाऊन घालून या म्हणावं, पाच मिनिटं थांबते. बाईमाणूस आहेस, तुला हे बोलायला जड जाणार नाही.

हात कुठे ठेवायचा, याला लोक फार हलकं घेतात. आम्ही लाँचवर याच गोष्टीसाठी शिव्या खायचो. ट्रान्सड्युसर पाण्याच्या पातळीपासून किती खाली आहे, तेवढं आलेल्या खोलीत मिळवावं लागतं. सकाळी डिझेलची टाकी भरलेली असते, संध्याकाळी लाँच हलकी होऊन वर येते. वेग वाढवला की मागची बाजू खाली बसते. प्रत्येक वेळी मिळवायचा आकडा वेगळा. दंडाचंही हेच गणित आहे: पट्टा हृदयाच्या पातळीला हवा. हात १० सेंटिमीटर खाली लोंबला तर रक्ताच्या तेवढ्या उंचीच्या स्तंभाचं वजन मोजमापात घुसतं आणि आकडा ७-८ मिलिमीटरने वाढतो. वर धरला तर तेवढाच घटतो. रुग्ण १३४ चा १४२ झाला, गोळी सुरू झाली, आणि कारण काय, तर टेबल नव्हतं! चाळीच्या खोलीत टेबल मिळणार नाहीच. उशा माग, गव्हाच्या डब्यावर दुमडलेली चादर ठेव, काय वाटेल ते कर, पण दंडाचा मध्य छातीच्या मध्याशी आण. पाय जमिनीला टेकलेले हवेत. कॉट उंच असली आणि पाय लोंबत असले तर खाली पाट सरकव. पायावर पाय नको. पाठ भिंतीला.

स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने रक्तदाब पहिल्यांदा मोजला. घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची उभी नळी जोडली, आणि रक्त ८ फूट ३ इंच चढलं. पुस्तक १७३३ चं. त्या पाद्र्यालाही कळत होतं, त्याने उंची मोजली ती हृदयाच्या पातळीपासून. पाऱ्यात हिशेब केला तर ते १९० च्या वर भरतं, एरवी शांत उभ्या घोडीचा असतो त्याहून बराच जास्त. असणारच. उताणी पाडून बांधलेली होती बिचारी. जगात दाबाचा पहिला आकडा लिहिला गेला तोच असा भेदरलेल्या जिवाचा.

त्यावरून पुढचं. तू दारात उभी राहशील ती गळ्यात ओळखपत्र आणि हातात पेटी घेऊन. लोक बिचकतात. म्हाडाच्या उंच इमारतीत लिफ्ट बंद असेल तर माणूस जिने चढून धापा टाकत आलेला असतो आणि म्हणतो, ‘घ्या ताई, लवकर घ्या, मला जायचंय.’ घेऊ नको. आमच्याकडे एखादा टग शेजारून गेला की त्याच्या पंख्याने पाण्यात बुडबुड्यांचा पट्टा उठायचा, आवाज त्यातच विरायचा आणि कागद कोरा यायचा. नवा पोरगा घाईने पुढे जाऊ बघायचा. सारंग इंजिन बंद करून विडी पेटवायचा. पाणी निवळलं की मग कामाला हात. तू पाच मिनिटं थांब. त्या वेळात गप्पा मारू नको, नाव-पत्ता आणि प्रश्नावली मापानंतर विचार, कारण बोलता बोलता दाब चढतो. टीव्हीवरची मालिका बंद करायला सांग. घरातल्या घरात भांडण चालू असलं तर सरळ म्हण, संध्याकाळी येते.

चहा, सिगरेट, तंबाखू अर्ध्या तासात घेतला का, हे विचारायला तुमच्या कागदावर असेलच. बायकांना मात्र ‘तंबाखू खाता का’ असं विचारलंस तर नाहीच म्हणतील. मशेरी लावता का, असं विचार. ‘हो, ती सकाळी दात घासायला’ असं सहज सांगतील. त्यांच्या लेखी तो तंबाखू नव्हे, दाबाच्या लेखी आहे. आणि लघवीला जाऊन या म्हणावं. जुन्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, रांग असली तर माणूस कळ दाबून बसतो आणि तेवढ्यानेही आकडा वर जातो. शहरातल्या मुलीला हे विचारायची लाज वाटते. आजीला वाटायची नाही.

आपल्या बाजूला असली पाहणी नवी नाही. १९९० च्या दशकात शहरात मतदारयाद्या घेऊन ३५ वर्षांवरच्या माणसांची दारोदार मोठी नोंद झाली होती, तंबाखूच्या अभ्यासासाठी. विचारणाऱ्यांच्या हातात तेव्हा छोटे संगणक होते, लोकांना त्याचंच अप्रूप. त्यातल्याच ८८,६५३ मुंबईकरांच्या रक्तदाबाचे आकडे २००४ साली छापून आले. एवढ्या मोठ्या संख्येचा धाक वाटतो, आणि वाटावाच. पण मला विचारशील तर मी त्या प्रत्येक दारात उभ्या राहिलेल्या पोरापोरींचा विचार करतो. ८८ हजारांनी उडणारी चूक जिरते. झुकलेली चूक त्यांनीच दारात जिरवायची असते.

वेळ लिही. मिनिटासकट. मुंबईच्या बंदरात उधाणाला सरासरी भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६. साडेतीन मीटरहून जास्त फरक, सहा तासांत. भरती अर्ध्यावर असताना पाणी तासाला जवळजवळ मीटरने चढतं. लाँचवरचं घड्याळ आणि भरतीमापकावरचं घड्याळ यांच्यात दहा मिनिटांचा फरक पडला, की सगळी खोली वीतभर इकडची तिकडे. त्यात अपोलो बंदरच्या भरतीमापकावर पाणी जेव्हा जेवढं असतं, तेव्हा तेवढंच ते वर खाडीकडे असत नाही. अपोलो बंदरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत, म्हणून आपण आज म्हणू शकतो की समुद्र चढतोय. आणि म्हणू शकतो ते आकडे होते म्हणून नव्हे, आकड्यांशेजारी वेळ आणि शून्याची पातळी लिहून ठेवलेली होती म्हणून. माणसाच्या दाबालाही भरती-ओहोटी आहे. झोपेत तो १० ते २० टक्के उतरतो, उठल्यावर चढतो. रात्रपाळी करून आलेल्या वॉचमनची सकाळ ही त्याची सकाळ नव्हे. शेरा लिही.

आता जिथे दोन शहाण्यांचंही जमत नाही ती गोष्ट. तळ म्हणजे कुठे? तुला वाटेल, हा काय प्रश्न झाला. आपल्या बंदराचा तळ म्हणजे मऊ गाळ. वर पाण्यासारखा पातळ, खाली खाली घट्ट होत गेलेला. २१० किलोहर्ट्झचा बारीक आवाज गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो. ३३ किलोहर्ट्झचा जाड आवाज तो थर भेदून खालच्या घट्ट भागापर्यंत जातो. कागदावर दोन तळ उमटतात, मध्ये कधी हातभर, कधी त्याहून जास्त अंतर. ड्रेजरवाला कंत्राटदार एक तळ दाखवून पैसे मागतो, बंदराचा माणूस दुसरा दाखवून नाकारतो. दोघांचीही यंत्रं खरी बोलत असतात. भांडण मिटतं ते एकाच मार्गाने: कुठल्या आवाजाचा तळ धरायचा, हे गाळ उपसायच्या आधी लिहून ठेवलेलं असलं तर.

आजीच्या कामातही असे दोन तळ होते. पीटर्सबर्गच्या कोरोत्कोव्ह नावाच्या लष्करी डॉक्टरने १९०५ साली पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ऐकायची युक्ती सांगितली. पट्टा सैल करत आणताना ठक् ठक् सुरू होतो, तो वरचा दाब. मग आवाज बदलत जातो, एका जागी एकदम मऊ, दबका होतो, आणि आणखी खाली गेल्यावर नाहीसा होतो. खालचा दाब कुठला? दबका होतो तिथला की नाहीसा होतो तिथला? वर्षानुवर्षं डॉक्टरांनी यावर वाद घातले. आज मोठ्या माणसात आवाज नाहीसा होण्याची जागाच धरतात. पण काही जणांत आवाज शून्यापर्यंत नाहीसा होतच नाही, तेव्हा दबका होण्याची जागा लिहायची आणि तसं शेजारी नोंदवायचं. तुमच्या पाहणीत काय ठरलंय ते पहिल्या दिवशी विचार, आणि ज्याने ठरवलं त्याच्याकडून कागदावर घे. तोंडी नको.

पट्टा सोडायचा वेग सेकंदाला २ मिलिमीटर. झरकन सोडलास तर वरचा दाब कमी येतो आणि खालचा जास्त, कारण दोन ठोक्यांच्या मध्येच आकडा निसटतो. आणि पट्टा फुगवताना मनगटाची नाडी बोटाखाली धर. नाडी जिथे बंद झाली त्याच्या २०-३० वर ने, मग उतर. काही माणसांत, म्हाताऱ्यांत जास्त, वरचा आवाज सुरू होऊन मध्येच गप्प होतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. कमी फुगवून तिथून ऐकायला सुरुवात केलीस तर २०० चा माणूस १६० म्हणून लिहिला जाईल. ही नाडी धरायची गोष्ट आजी इतक्यांदा घोकून घ्यायची, की तिच्या हाताखालच्या पोरींनी तिला ‘नाडीमावशी’ नाव ठेवलं होतं.

पाऱ्याच्या पट्टीवर खुणा २-२ मिलिमीटरच्या असतात. म्हणजे शेवटचा आकडा ०, २, ४, ६, ८ एवढाच येऊ शकतो. वहीत १३५ दिसला, तर तो वाचलेला नाही, बनवलेला आहे. कुठल्याही तपासनिसाला हे दुरून कळतं. त्याहून साधी खोड म्हणजे गोल आकडा लिहिण्याची: १२०, १३०, १४०. प्रामाणिक वाचनात पाचही शेवटचे आकडे जवळजवळ सारखे, २०-२० टक्के यायला हवेत. एखाद्याच्या वहीत निम्मे शून्य निघाले तर त्याचा कान नव्हे, पेन मोजतंय. या खोडीवर उपाय म्हणून १९७० साली राइट आणि डोर यांनी असं यंत्र काढलं, की शून्य कुठे आहे हे मोजणाऱ्यालाच ठाऊक नसायचं. आधी आकडा वाचायचा, मग लपलेलं शून्य बघायचं आणि वजा करायचं. मोजणाऱ्यावर विश्वास नाही म्हणून त्याची थट्टा करणारे होते. मला ते यंत्र फार आवडलं होतं. १४० च्या काठावर माणूस बसलेला असला, की त्याला ‘आजारी’ लिहायचं की नाही याची दया आपल्या डोळ्यांत येते, आणि डोळा १३८ वाचतो. दया करायचीच असेल तर लिहून झाल्यावर कर.

तुमच्या हातात बहुधा डिजिटल यंत्र देतील. पारा आता जगभरच हद्दपार होतोय. २०१३ च्या मिनामाता कराराने त्याची वाट बंद केली, आणि ते बरंच झालं, फुटलेल्या यंत्राचा पारा फरशीच्या भेगांतून गोळा करताना मी आजीला पाहिलेलं आहे. पण डिजिटल यंत्र काही ऐकत नाही, एवढं ध्यानात ठेव. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर बघतं, ती कुठे सगळ्यात मोठी होते त्यावरून मधला दाब पकडतं, आणि वरचा-खालचा दाब बनवणाऱ्याच्या स्वतःच्या सूत्राने काढतं. ते सूत्र कंपनी सांगत नाही. नाडी अनियमित असलेल्या माणसात ते गडबडू शकतं. म्हणून त्याचाही बार चेक असतो: वाय आकाराच्या नळीने ते खात्रीच्या दाबमापकाला जोडायचं आणि ५०, १००, १५०, २०० वर दोघांचं जुळतं का बघायचं, ३ मिलिमीटरच्या आत. हे पाहणीच्या आधी एकदा करून कपाटात कुलूपबंद ठेवणारे असतात. तू मध्येमध्ये मागत राहा. वैताग देतेस म्हणतील, म्हणू दे. आणि हेही जाणून अस, की नळीची ही परीक्षा यंत्राच्या दाबाची होते, सूत्राची नाही. तिथे शेवटी शिकलेल्या कानाशीच ताडून बघावं लागतं.

आता थोडं डॉक्टरांबद्दल. आपल्याच केईएममध्ये डॉ. रुस्तम जाल वकील होते. त्यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर काय परिणाम होतो, ते ५० रुग्णांवर पाहून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. मुळी आपल्याकडे वैद्यांना माहीत होती, बंगालमध्ये त्यावर लिहिलंही गेलं होतं, पण जगाने कान टवकारले ते या लेखानंतर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. हे अभिमानाने सांगण्यासारखं आहे, पण मी सांगतोय त्याचं कारण निराळं. औषधाचा गुण मोजणं हे दाब मोजण्याच्या कितीतरी पट अवघड असतं. ज्याचा दाब आज फार वर सापडला म्हणून तू त्याला निवडलास, त्याचा दुसऱ्या भेटीत काहीही न करता थोडा खाली येतोच. थोडा ओळखीने, थोडा त्या दिवशी तो योगायोगाने वर होता म्हणून. मध्ये तू त्याला साखरेची गोळी दिली असतीस तर श्रेय गोळीला गेलं असतं. म्हणून पाहणीत दुसरी भेट ठरलेली असली, तर ती सगळ्यांची घे. ज्यांचा दाब वर आला त्यांचीच नको. वरून कोणी ‘वेळ वाचवा, फक्त जास्तवाल्यांकडे जा’ म्हणाला, तर तसं लेखी माग.

पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा घे. फरक आला तर ज्याचा जास्त तो हात पुढे कायम. आम्ही समुद्रात रेघा मारून खोली घेतली की त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा मारायचो, छेदावर दोन्ही आकडे जुळतात का बघायला. जुळले नाहीत तर दिवस वाया गेला असं नवी पोरं समजायची. मला तोच दिवस कामाचा वाटायचा.

खोडरबर नेऊ नको. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी नवा आकडा आणि सही. टॅबवर भरायचं असेल तरी खिशात एक वही असू दे. आवाज, ऊन, दरवाजाबाहेर चाललेली लेझीमची तालीम, हार्बरची गाडी, सगळं त्यात लिही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ढोल सुरू झाले की स्टेथोस्कोपने मोजणं सोडच, त्या गल्लीत सकाळी लवकर जा.

आकडा फार वर निघाला, १८० च्या वर किंवा खालचा १२० च्या वर, तर चेहरा बदलू नको. पाच मिनिटांनी पुन्हा घे. छातीत दुखतंय का, दम लागतोय का, बोलणं अडखळतंय का, दिसायला अंधुक होतंय का, हे विचार. यातलं काही असलं तर पाहणी तिथेच सोड आणि घरच्यांना घेऊन त्याला केईएमला नाहीतर जेजेला पोचव. टॅक्सीचे पैसे मी देईन. काही नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला चिठ्ठी दे, ‘बघा जमलं तर’ असं म्हणू नको.

आणि यादीत नसलेली शेजारीण दारात येणारच. ‘ताई, माझंपण बघा ना.’ बघ. नाही म्हणू नकोस, या वस्तीत तुला पुन्हा जायचंय. फक्त तिचा आकडा वेगळ्या कागदावर लिहून तिच्याच हातात दे, पाहणीच्या वहीत चढवू नको. जिला आपल्या दाबाची काळजी वाटते तीच दारात येते, आणि असल्या पंधरा-वीस जणी वहीत शिरल्या की तुझं घोडपदेव आहे त्यापेक्षा आजारी दिसायला लागेल.